तोरणमाळच्या घाटात होज पाइप फुटला तेव्हा

शहाद्याहून तोरणमाळचा सूर्योदय दाखवायचा तर पहाटे चारला निघावं लागतं. म्हसावद, राणीपूर करत पन्नासेक किलोमीटर, आणि शेवटी सातपुड्याचा घाट. तोरणमाळ हे थंड हवेचं ठिकाण सुमारे 1,150 मीटर उंचीवर, म्हणून हा चढ जवळजवळ सगळा पहिल्या-दुसऱ्या गिअरचा. इंजिन जोरात फिरतं, गाडी मात्र हळू चालते, त्यामुळे रेडिएटरला वारा पुरत नाही. सगळा भार पंख्यावर आणि होज पाइपवर, म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्यात पाणी नेणाऱ्या रबरी नळीवर येतो.

डिसेंबरातली सवारी होती, धुळ्याचं कुटुंब, सोबत दोन लहान मुलं. एका वळणावर बॉनेटमधून वाफ निघाली आणि कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा गोडसर वास आला. तापमानाचा काटा मात्र खाली आलेला! इथे भलेभले फसतात. पाणी निघून गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा थंड दाखवतो. काट्यावर भरवसा ठेवून आणखी एक किलोमीटर गाडी रेटली की हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन आणि त्याचं वरचं झाकण (हेड) यांच्यातली सांधपट्टी, गेलंच समजा. इंजिन तिथेच बंद केलं, चाकामागे दगड लावले.

वरचा होज मधोमध उभा चिरला होता. बाहेरून टणक दिसणारा पाइप आतून फुगून सोलला होता, आणि असा दोष वरून पाहून कळत नाही. चीर क्लिपजवळ असती तर तेवढा तुकडा कापून पाइप पुन्हा बसवता आला असता.

वाफ आणि दिवे बघून वरच्या पाड्यावरचे एक पावरा आदिवासी बाबा खाली आले. “बाबा, पाणी मिळंल का?” विचारलं. ते म्हणाले, “पाणी आहे. आधी लेकरांना शेकोटीजवळ न्या.”

अर्धा-पाऊण तास रेडिएटरच्या झाकणाला हात लावता येत नाही. होज मुठीत धरवेल इतका निवला, की ओलं गोणपाट टाकून झाकण हळूहळू सैल करायचं. तोवर घरातल्या ताईंनी कोरा चहा केला, मग मक्याच्या भाकरी आणि लसणाची चटणी दिली. पोरानं सायकलची जुनी ट्यूब आणली. चिकटपट्टी ओल्या, तेलकट रबरावर टिकत नाही, ट्यूब टिकते. ताईंनी दिलेल्या राखेनं पाइपचं तेल पुसलं. ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टी कापली आणि ताणून, अर्धी-अर्धी एकमेकींवर चढवत, सहा थर गुंडाळले. चिरेच्या दोन्ही बाजूंना तीन बोटं जास्त घेऊन वर बाइंडिंग तार आवळली.

मग पाणी. आठ लिटरच्या आसपास लागलं. गरम इंजिनात गार पाणी एकदम ओतलं तर हेडला तडा जातो, म्हणून इंजिन हळू चालू ठेवून तांब्या-तांब्यानं ओतलं. मधूनमधून पाइप दाबून हवा काढली. हे पाणी खालच्या झऱ्यावरून डोक्यावर वाहून आणलेलं होतं. घरात एकच हंडा भरलेला होता आणि त्यांनी तोच पुढे केला.

झाकण पहिल्या खाचेपर्यंतच बसवलं, म्हणजे दाब साठत नाही आणि पट्टी टिकते. पण दाब नसला की या उंचीवर पाणी 96-97 अंशांलाच उकळतं, म्हणून दर तीन किलोमीटरला थांबत गेलो. सूर्य तर पाड्याच्या अंगणातूनच दिसला होता. मुलं तेव्हा शेकोटीजवळ बाबांच्या घोंगडीत बसलेली होती.

पैसे पुढे केले, तर बाबांनी हात मागे घेतला. अशा वेळी आग्रह धरू नये. परतताना तोरणमाळहून 20 लिटरचे दोन कॅन भरून आणले आणि ताईंच्या हंड्यात, मडक्यात ओतले. ते त्यांनी घेतलं. या घाटातल्या प्रत्येक चालकानं जाताना एक कॅन जास्तीचा भरून न्यावा. गाडीला नाही लागला, तर वाटेतल्या पाड्यावर रिकामा करावा.