ठिपक्यांचं वाचन

मुंबईच्या क्रिकेटमधली कांगा लीग तोंडावर आली की आमच्या क्लबच्या जुन्या खेळाडूंचं संमेलन भरतं. नारळ, हार, वर्षभरात गेलेल्यांसाठी दोन मिनिटं उभं राहणं, हिशेबाला टाळ्यांनी मंजुरी, हे सगळं पटापट उरकतं. मग स्कोअररकाका पत्र्याच्या पेटीतून सत्तरच्या दशकातलं एखादं स्कोअरबुक काढतात आणि एका डावाचं पान वाचायला घेतात. आधी नाव, मग बॉलमागून बॉल. "ठिपका, ठिपका, एक, ठिपका..." ठिपका म्हणजे धाव न निघालेला बॉल. भाषणं कितीही रंगोत, घसा दाटतो तो इथेच.

बाहेरच्याला यात काय ते कळायचं नाही. डॉ. कांगा यांच्या नावाची ही लीग १९४८ पासूनची, आणि ती खेळायची भर पावसाळ्यात. दादर युनियन आणि शिवाजी पार्क जिमखाना हे क्लब समोरासमोर आले की बघायला गर्दी लोटायची. आमचा क्लब खालच्या डिव्हिजनमधला. आझाद मैदानावर शेजारच्या सामन्यातला थर्डमॅन आमच्या मिडऑनच्या पाठीला पाठ लावून उभा असायचा. पिच उघडी, गवत घोट्याच्या वर. जमिनीलगत मारलेला कडक ड्राइव्ह गवतात रुतून बसायचा, चौकाराच्या जागी जेमतेम एक धाव. तेव्हा ओळीने ठिपके दिसले म्हणून फलंदाजाला नावं ठेवू नयेत. उचलून मारणाऱ्यालाच तिथे भाव.

पिच पुरती भिजलेली असली तर बॉल नुसता घसरतो, त्याची सवय होते. खरा घात ऊन पडल्यावर. वर पापुद्रा सुकतो, खाली ओल तशीच. बॉल पडून थांबतो, वळतो आणि मध्येच एखादा छातीपर्यंत उसळतो. पानावर ही वेळ नेमकी सापडते. आधी सहा ठिपके जोडून केलेले ‘एम’, म्हणजे एकही धाव न दिलेल्या ओव्हर, आणि मग विकेटचे ‘डब्ल्यू’मागून ‘डब्ल्यू’. काका तिथे आवाज खाली आणतात. ऊन पडलं, एवढंच म्हणतात.

ही पानं आज वाचता येतात ती पेन्सिलीमुळे. शाईने लिहिलेल्या वह्यांचे पावसात निळे डाग झाले. त्या काळी वाइड-नोबॉल बॉलरच्या नावावर चढत नसत, त्यामुळे फलंदाजांच्या धावांची बेरीज आणि बॉलरांनी दिलेल्या धावांची बेरीज सारखीच यायला हवी. एका धावेचा फरक राहिला तरी काका तंबूतून हलत नसत. बहुतेक वेळा चूक एकाच ठिकाणी निघायची, लेगबाय, म्हणजे बॅटला नव्हे तर अंगाला लागून निघालेली धाव, फलंदाजाला दिलेली असायची.

काही पानांवर दहावं-अकरावं नाव आहे आणि पुढे ‘गैरहजर’. शनिवारी रात्री हो म्हणून रविवारी न उगवणारे तेव्हाही होते. त्यातलेच काही आता संमेलनाला बरोब्बर जेवणाच्या वेळी येतात, आणि फोटोत मात्र पहिल्या रांगेत. वाचन चुकवून श्रीखंड कसं गोड लागतं, देव जाणे.

शेवटी आभार. कुणी राहिलं की वर्षभर ऐकावं लागतं, म्हणून यादी लिहूनच आणतात. मैदानावरचे माळी, जे लाकडाचा भुसा रनअपवर आणि बॉलरचा पाय पडतो तिथेच टाकत, पिचवर कधी नाही. तळमजल्यावरच्या वहिनी, ज्यांच्या गॅलरीत सगळे पॅड सावलीत वाळत. उन्हात टाकले की चामडी पट्टे कडक होऊन बकलपाशी तुटतात, हे पोरांना त्यांनीच शिकवलं. बॅटींना जवसाचं तेल लावणारे नाना. तेल पातळ हाताने, नुसतं पात्याला, हँडलच्या सांध्याला थेंबही नाही, नाहीतर तिथला गोंद सुटतो. जुना टॉवेल कमरेला खोचून दर ओव्हरनंतर ओला बॉल पुसणारा बारावा गडी. उधारीची वही कधी पुढे न करणारा चहावाला. कीपिंगचे ग्लव्हज उसने देणारा शेजारचा तंबू. अंपायर, सगळे, चुकलेलेसुद्धा. आणि दर मे महिन्यात पेटीतल्या डांबरगोळ्या बदलून स्कोअरबुकं जुन्या धोतरात पुन्हा गुंडाळून ठेवणाऱ्या काकू, ज्यांचा उल्लेख गेल्या वर्षी राहून गेला होता.