जोडी लावण्याआधी रिकामे पिंजरे मोजा

सशाची मादी माजावर येण्याची वाट बघत बसावं लागत नाही. नर लागल्यानंतर 10 ते 12 तासांनी तिचं बीज सुटतं, 31 दिवसांच्या आसपास ती विते आणि त्याच आठवड्यात पुन्हा गाभणही राहू शकते. ससेपालनाच्या सगळ्या जाहिराती एवढ्याच गोष्टीवर चालतात. एक युनिट घ्या, म्हणजे 7 माद्या आणि 3 नर, वर्षात शेड भरेल, पिल्लं आम्हीच परत घेऊ. शेड भरतं हे खरं आहे. पिल्लं परत घेणारा मात्र ती कुणाला विकणार, हे आधी विचारा. नव्या माणसाला पुढचं युनिट म्हणून विकणार असेल, तर नवी माणसं यायची थांबली की तुमची खरेदीही थांबते. तेव्हा शेडमध्ये खाणारी तोंडं शंभर असतात.

म्हणून हिशेब उलट्या बाजूने करायचा. आज लावलेल्या (नराकडे नेलेल्या) मादीची पिल्लं 11 आठवड्यांनी आईच्या दुधावरून तोडून वेगळी ठेवायची असतात. त्या दिवशी रिकामे पिंजरे किती असतील आणि गिऱ्हाईक किती असेल, यावर आज किती माद्या लावायच्या ते ठरतं. सुरुवातीला 5 माद्या आणि 2 नर पुष्कळ झाले. या सातांना सात स्वतंत्र पिंजरे. पाचही एकदम व्याल्या आणि प्रत्येकीची 6 पिल्लं जगली तर 30 पिल्लं. 90 बाय 60 सेंटिमीटरच्या पिंजऱ्यात 5-6 पिल्लं 10-12 आठवड्यांपर्यंत नीट राहतात, म्हणजे आणखी पाच-सहा पिंजरे लागले. तीन महिन्यांचे झाले की नर एकमेकांचे अंडकोश फाडण्यापर्यंत भांडतात, तेव्हा न विकलेल्या प्रत्येक नराला वेगळा पिंजरा. शिवाय आजाऱ्यासाठी आणि नव्याने आणलेल्यासाठी शेडच्या बाहेर, वारा शेडकडे येतो त्या बाजूला नसलेला एक. हे पिंजरे नसतील तर दोनच माद्या लावा.

आपल्या सांगली-साताऱ्याकडचं वेळापत्रक पुस्तकातल्यापेक्षा वेगळं ठेवावं लागतं, कारण ऊन. सशाला 15 ते 25 अंश मानवतं. 30 च्या वर तो खाणं कमी करतो, 35 च्या वर काही दिवस गेले की नराचं वीर्य निकामी होतं आणि ते भरून यायला दीड-दोन महिने लागतात. जत, आटपाडी, माण, खटाव, मिरज इकडे एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या आसपास असतो. शेवटच्या आठवड्यातली गाभण मादी त्या उन्हात सगळ्यात आधी मरते. त्यामुळे शेवटची लावण फेब्रुवारीत उरकायची, म्हणजे मार्चअखेर विणं संपतं. पाऊस सुरू झाला म्हणून जूनमध्ये लगेच लावू नका. नर बाहेरून ठणठणीत दिसतो, पण माद्या रिकाम्या राहतात आणि लोक मादीला दोष देतात. जुलैच्या शेवटी, आधी व्यालेल्या चांगल्या मादीवर नर तपासावा आणि मग पुढे जावं. या हिशेबात वर्षाला तीन वेतं बसतात, सातारा शहराच्या पश्चिमेला थंड भागात चार. आठ वेतं सांगणारा माणूस मादी दीड वर्षात संपवतो.

उन्हाळ्यासाठी शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, छपरावर उसाचं पाचट जाड पसरून तारेने बांधा (विजेची वायर आणि चूल तिथून लांब), पश्चिमेला ओलं बारदान सोडा. दुपारी प्रत्येक पिंजऱ्यात फडक्यात गुंडाळलेली, बर्फ केलेली लिटरची बाटली आडवी ठेवली तर ससा तिला टेकून पडतो. नाक ओलं, तोंड उघडं, मान मागे टाकून धापा, असं दिसलं की साध्या पाण्याने दोन्ही कान भिजवायचे. अख्खा ससा बर्फाच्या पाण्यात बुडवला तर धक्क्याने जातो. पावसात मात्र ओलं बारदान काढून टाका, तेव्हा शत्रू दमटपणा असतो. कृष्णाकाठी शेड असेल तर 2019 आणि 2021 चं पाणी कुठवर आलं होतं ते बघूनच जागा धरा, आणि पिंजरे सुटे, दोघांना उचलता येतील असेच करा.

पिंजऱ्याला तळाची वेल्डमेश जाळी 14 गेजची, 12 बाय 25 मिलिमीटर खान्याची. यापेक्षा मोठ्या खान्यात पिल्लांचे पाय अडकतात, बारीक खान्यात लेंडी अडकते. कोंबडीची षट्कोनी जाळी तळाला नको, ती तळव्याला कापते. तळवे सोलले की ससा बसून राहतो, खात नाही, नर चढत नाही. म्हणून प्रत्येक पिंजऱ्यात वहीच्या दोन पानांएवढी लाकडी फळी टाका आणि आठवड्याला घासून वाळवा. तळ जमिनीपासून अडीच ते तीन फूट वर. पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत, कारण मुंग्या एका रात्रीत अख्खं वेत संपवतात.

लावण ते दूध तोडणं

मादी 6 महिन्यांची आणि जातीनुसार 2.5 ते 3 किलोची झाल्याशिवाय लावू नये. नर 7 महिन्यांचा. नेहमी मादी नराच्या पिंजऱ्यात न्यायची. नर तिच्या पिंजऱ्यात नेला तर ती जागेसाठी चावते आणि तो बाकीचं विसरून वास घेत फिरतो. तिचा अवयव गुलाबी-लालसर, सुजल्यासारखा दिसला तर ती घेते. पांढरट असेल तर दोन दिवस थांबा. नर लागला की छोटा आवाज करून एका कुशीवर पडतो, तेवढ्यावर लावण झाली समजायचं. 6-8 तासांनी परत एकदा लावून मादी तिच्या जागी ठेवा. रात्रभर दोघांना एकत्र ठेवणं चूक: भांडणं होतातच, शिवाय तारीख कळत नाही, आणि तारीख नसली की पुढचं सगळं चुकतं.

12 ते 14 व्या दिवशी पोट तपासायचं. डाव्या हाताने खांद्यावरची कातडी धरून मादी सपाट पृष्ठभागावर स्थिर ठेवा, उजवा हात मागच्या पायांच्या पुढे पोटाखाली नेऊन अंगठा आणि बोटांमधून हलकेच सरकवा. द्राक्षाच्या मण्यांएवढ्या, मऊ, सटकणाऱ्या गाठी ओळीने लागल्या तर ती गाभण आहे. लेंड्या लागतात त्या लहान आणि कडक असतात, पाठीच्या बाजूला. दाबून बघायचा मोह टाळा, गर्भ फुटतो. 17 व्या दिवशीच केस उपटून घरटं करायला लागली तर बहुतेक ते खोटं गाभणपण आहे. तिला आता लावता येतं.

28 व्या दिवशी नेस्ट बॉक्स, म्हणजे विण्यासाठीची पेटी, आत ठेवायचा: 45 सेंटिमीटर लांब, 30 रुंद, 30 उंच, पुढची कड मात्र 15 सेंटिमीटर. ही कड महत्त्वाची आहे. मादी बाहेर उडी मारते तेव्हा आचळाला लोंबकळणारं पिल्लू कडेला घासून आतच पडतं. आत भाताचा पेंढा किंवा वाळलेलं बारीक गवत चार बोटं भरा, कडब्याची धाटं नको. बाकीचं काम ती पोटाचे केस उपटून करते. उघड्या जाळीवर व्याली तर समजा की बॉक्स उशिरा ठेवला किंवा उंदरा-मांजराच्या वावरानं ती बिथरली.

व्याल्यावर त्याच दिवशी बॉक्स बाहेर काढून बघाच. हात धुऊन तिच्याच गवतात चोळा, तिला मूठभर घास टाका. केस बाजूला करा: पिल्लं उघडी, डोळे मिटलेली, साधारण 50-60 ग्रॅमची, एकमेकांत घुसलेली असतात. पोट गोल, ताणलेलं आणि कातडीतून पांढरं दूध दिसतंय, तर सगळं ठीक. पोट खपाटीला, कातडीला सुरकुत्या, हात लावल्यावर उसळी मारून तोंड शोधतंय, तर ते उपाशी आहे. मेलेलं पिल्लू, राहिलेली वार, ओलं गवत काढून टाका. गार पडलेलं पिल्लू हलत नसलं तरी मेलं समजू नका. आधी ऊब द्या, फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली चालते, आणि अंग गरम झाल्यावरच आईकडे. गार पिल्लाला दूध पाजलं तर ते पचत नाही.

मादी 24 तासांत एकदाच, तेही बहुतेक रात्री किंवा पहाटे, तीन ते पाच मिनिटं पाजते. दिवसभर ती बॉक्सकडे फिरकत नाही म्हणून घाबरून तिला पकडून पिल्लांवर बसवणारे पुष्कळ आहेत. पोटं भरलेली असतील तर तिला हात लावू नका. आचळं साधारण 8 असतात; त्यापेक्षा जास्त पिल्लं झाली तर जवळपास त्याच दिवशी व्यालेल्या, कमी पिल्लं असलेल्या मादीकडे वाढवा. दोन-दोन माद्या एकाच दिवशी लावण्याचा खरा फायदा हा आहे.

मादीनं पिल्लं खाल्ली की लोक तिला विकून टाकतात. आधी पाण्याचं निपल (ससा ज्यातून पाणी पितो ती नळीची तोटी) बोटानं दाबून बघा. जत-माणकडच्या बोअरच्या जड पाण्यानं निपल चोंदतं, आणि दूध देणारी मादी दिवसाला लिटरभर पाणी पिते. तहान, कुत्र्यांचा गोंधळ, पहिलं वेत ही नेहमीची कारणं. पाणी-जागा नीट असून दुसऱ्या वेताला तसंच झालं तर मात्र ती पैदाशीला ठेवू नये.

10-12 व्या दिवशी डोळे उघडतात, तिसऱ्या आठवड्यात पिल्लं बाहेर येऊन चाऱ्याला तोंड लावतात. दूध पाच-सहा आठवड्यांनी तोडायचं, आणि मादी उचलून दुसरीकडे न्यायची, पिल्लं त्याच पिंजऱ्यात आठवडाभर राहू द्यायची. दूध, जागा आणि खाद्य एकाच दिवशी बदललं की हगवण लागते.

खाणं आणि दुखणं

मोठ्या सशाचं पोट चाऱ्यावर चालतं. वाळलेला चारा, म्हणजे वाळलेलं गवत किंवा भुईमुगाचा सुकवलेला पाला, सतत समोर असावा. हिरव्यात लसूणघास, हत्तीघास, हरळी, शेवग्याचा पाला. कापल्यावर दोन-तीन तास सावलीत सुकवून. सुबाभूळ थोडाच, त्यातल्या मिमोसिन या विषारी द्रव्यामुळे केस गळतात. उसाच्या वाढ्यावर ससे पोसले जात नाहीत. गाजरगवत, घाणेरी, कण्हेर, कोवळी ज्वारी अजिबात नको. आणि तासगाव-मिरज-पलूस पट्ट्यात एक गोष्ट कटाक्षाने पाळा: द्राक्षबागेतलं आणि बांधावरचं गवत आणू नका. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारणी सतत चालू असते आणि नेमका तोच आपला पैदाशीचा हंगाम असतो.

खुराक मोठ्या रिकाम्या सशाला 100 ग्रॅम, दूध देणाऱ्या मादीला 200-250 ग्रॅम. घरी करायचा तर 100 किलोला मका भरडा 30, गव्हाचा कोंडा 32, तूर किंवा हरभऱ्याची चुनी 20, सोयापेंड 15, मिनरल मिक्स्चर 2, मीठ 1. पाण्याचा हात लावून द्या, कोरडी धूळ नाकात जाते; चार तासांत उरलेलं उचला, आंबतं. शेंगपेंड आपल्याकडे सहज मिळते, पण पावसाळ्यात तिला बुरशी धरते आणि त्या विषाला ससा गाई-म्हशींपेक्षा फार लवकर बळी पडतो. शेपटीखाली मऊ लेंडीचा लगदा चिकटलेला दिसला तर खुराक जास्त आणि चारा कमी होतोय.

दुधावरून तुटलेल्या पिल्लांना पावसाळ्यात कॉक्सिडिओसिस हा परजीवींचा रोग होतो: पोट फुगलेलं, पातळ हगवण, पाठीचा कणा हाताला लागतो. लेंड्यांची तपासणी करून डॉक्टर पाण्यातून औषध देतील, पण जाळीवर साठलेली लेंडी रोज खरवडली नाही तर औषध पुरत नाही. कानात तपकिरी खपल्या, मान झटकणं म्हणजे खरूज. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन वजनावर, 10-14 दिवसांनी परत. खपल्या ओढून काढू नका. कुत्र्याच्या गोचिडांसाठीचं फिप्रोनिल सशाला मारतं. तसंच गोठ्यातल्या जनावरांसाठी आणलेलं अमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन तोंडाने पाजू नका, आतड्यातले उपयोगी जंतू मरून दोन-चार दिवसांत ससा हगवणीने जातो. गावातल्या डॉक्टरांना सशाची सवय नसेल तर हे त्यांना विचारण्यात संकोच नको. लागोपाठ दोन-तीन मेले तर ताजं प्रेत बर्फाच्या डब्यात, न गोठवता, शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शवविच्छेदनाला न्या.

खरेदी करताना नर आणि माद्या वेगवेगळ्या ठिकाणांहून, आणि शक्यतो दोन नर एकमेकांचे भाऊ नसावेत. न्यूझीलंड व्हाईट, सोव्हिएत चिंचिला, व्हाईट जायंट या जाती आपल्याकडे टिकतात. आणतानाच वरचे दात खालच्यांच्या पुढे आहेत ना बघा. वाकडे दात पुढच्या पिढीत उतरतात. नवा ससा तीन आठवडे वेगळा. वहीत प्रत्येक पिल्लाचे आई-बाप लिहा, नाहीतर दुसऱ्या वर्षी बहीण-भाऊ कोण हेच कळत नाही.

रानातला ससा वेगळी जात आहे, पाळीव सशाशी त्याचा संकर होत नाही, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला पकडणं, पाळणं गुन्हा आहे. कुणी शेतात सापडलेलं पिल्लू आणून दिलं तर घेऊ नका. पाळीव म्हणून नियमित विक्री करायची तर 2018 चे पेट शॉप नियम सशालाही लागू आहेत आणि राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. आठवडी बाजारात तीन आठवड्यांची पिल्लं खोक्यातून विकतात, ती लहान म्हणून गोड दिसतात आणि घरी गेल्यावर आठवडाभरात हगवणीने मरतात. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू देऊ नये. देताना नर-मादी तपासून सांगा, सवयीचा खुराक आठवड्याचा बांधून द्या, आणि ससा 8-10 वर्षं जगतो हे पैसे घेण्याआधी सांगा. नको झाला तर परत आणा असंही सांगून ठेवा. डोंगरावर सोडून दिलेला पांढरा ससा कुत्र्यांच्या तोंडी जातो, आणि प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या 1960 च्या कायद्याने असं सोडून देणंही गुन्हा आहे. परत आलेल्यासाठीचा पिंजरा सुरुवातीच्या हिशेबात धरलेला नसेल तर तो आत्ताच एक वाढवा.