चौथ्या वर्षाचा हिशेब : तयार डेस्कटॉप घ्यावा की जोडून घ्यावा?

मे 2023 मधल्या एका दुपारी माझा डेस्कटॉप काम चालू असतानाच बंद पडला आणि पुन्हा सुरू झाला नाही. हा संगणक मी 2019 साली घेतला होता. तो नामांकित कंपनीचा, पुस्तकाच्या कपाटातही मावेल अशा सडपातळ कॅबिनेटचा होता आणि तीन वर्षांची वॉरंटी संपेपर्यंत त्याने एकदाही त्रास दिला नव्हता. माझे अनुवादाचे सगळे काम त्यावर चालत असल्यामुळे मी तो दुसऱ्याच दिवशी राजेंद्र नगरातून उचलून रवींद्रनाथ टागोर मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये नेला. इंदुरात संगणकाचे काही अडले की पाय तिकडेच वळतात. दुकानातल्या मुलाने झाकण काढून पाच मिनिटांत निदान केले, की एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारी पेटी) गेला आहे आणि बाकी सर्व शाबूत आहे. त्याच्या मागच्या फळीवर निरनिराळ्या कंपन्यांचे पंधरा-वीस एसएमपीएस रचून ठेवलेले होते, परंतु त्यांतला एकही माझ्या संगणकाला चालण्यासारखा नव्हता, कारण मदरबोर्डवर (ज्यावर सगळे भाग बसतात त्या मुख्य फळीवर) नेहमीचा 24 पिनांचा जोड नव्हताच. त्याऐवजी कंपनीने स्वतःचा एक लहान जोड बसवला होता आणि एसएमपीएसची पेटीही नेहमीच्या मापापेक्षा अरुंद होती. शेवटी कंपनीच्या सेवा केंद्राकडून तो भाग मागवावा लागला. त्याला तीन आठवडे लागले आणि बाजारातल्या चांगल्या एसएमपीएसच्या जवळपास दुप्पट पैसे मोजावे लागले.

तेव्हापासून कोणी मला विचारले, की तयार डेस्कटॉप घ्यावा की सुटे भाग घेऊन जोडावा, तर मी आधी चौथ्या वर्षाचा विचार करायला सांगतो. पहिल्या दिवशी दोन्ही संगणक सारखेच चालतात. वॉरंटी संपल्यानंतर झाकण कोण उघडणार आणि बिघडलेला भाग आपल्या गावच्या बाजारात मिळणार का, या दोन प्रश्नांवर माझ्या मते निम्म्याहून अधिक निर्णय ठरतो.

सुटे भाग घेऊन संगणक जोडता येतो, यामागे एक इतिहास आहे आणि तो माहीत असला की खरेदी करताना उपयोगी पडतो. आयबीएमने ऑगस्ट 1981 मध्ये आपला पहिला पीसी आणला तेव्हा तो बहुतांशी बाजारात सहज मिळणाऱ्या भागांनी बनवला आणि त्याची तांत्रिक माहितीही खुली ठेवली. पुढच्याच वर्षी कॉम्पॅक कंपनीने त्याच्याशी जुळणारा संगणक जाहीर केला आणि एका कंपनीचा संगणक हळूहळू साऱ्या उद्योगाचा झाला. 1995 साली इंटेलने एटीएक्स हे मानक आणले. त्यामुळे मदरबोर्डचे माप, स्क्रूची छिद्रे आणि एसएमपीएसचा जोड ठरून गेले. एका कंपनीचा बोर्ड, दुसरीचे कॅबिनेट आणि तिसरीचा एसएमपीएस आज बिनघोर एकत्र बसतात ते या मानकामुळे. काही तयार डेस्कटॉप या मानकाबाहेर जातात आणि माझ्या संगणकाचे नेमके तेच झाले होते. तयार संगणक घेण्यात गैर काहीच नाही, पण घेण्यापूर्वी दुकानदाराला झाकण उघडून दाखवायला सांगावे, आत 24 पिनांचा जोड आहे का आणि रॅमच्या (मेमरीच्या) पट्ट्यांसाठी किती खाचा आहेत हे डोळ्यांनी पाहावे, असा माझा आग्रह आहे.

गेल्या वर्षी, जुलै 2025 मध्ये, माझ्या भाचीला वास्तुकलेच्या (आर्किटेक्चरच्या) अभ्यासासाठी संगणक हवा होता. त्रिमितीय आराखडे आणि रेंडरिंग (आराखड्यावरून हुबेहूब चित्र बनवणे) करायचे असल्यामुळे स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड लागणारच होते. ताईचे म्हणणे होते की मुलीला अभ्यास करू द्यावा, यंत्राच्या भानगडीत पाडू नये आणि सरळ तयार संगणक आणावा. भाची मात्र म्हणाली, "मामा, आपण दोघे मिळून जोडू या ना." आम्ही दोन्हींचे भाव काढले. त्याच ताकदीचा तयार संगणक सुमारे पंधरा हजारांनी महाग पडत होता, पण त्यात विंडोजचा परवाना होता आणि तो आम्हाला वेगळा घ्यावा लागणार होता. ती रक्कम वजा केल्यावर फरक बराच आक्रसला. संगणक जोडून घेतला की हमखास स्वस्त पडतो, हा समज मला यामुळेच पटत नाही. परवान्यातला आणखी एक फरक असा, की तयार संगणकाबरोबर येणारा परवाना त्याच मदरबोर्डाशी बांधलेला असतो, तर वेगळा विकत घेतलेला किरकोळ परवाना पुढे दुसऱ्या संगणकावर नेता येतो.

आम्ही जोडण्याचे ठरवले ते पैशासाठी नव्हे, तर पुढच्या वर्षांसाठी. प्रोसेसर म्हणून एएमडीचा रायझन 5 7600 घेतला, कारण त्याचे एएम5 हे सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) 2022 साली आले असून किमान 2027 पर्यंत त्यावर नवे प्रोसेसर आणण्याचे एएमडीने जाहीर केलेले आहे. भाचीच्या पदवीच्या शेवटच्या वर्षात गरज पडली तर बोर्ड न बदलता फक्त प्रोसेसर बदलता येईल. 16 जीबीच्या दोन पट्ट्या अशी एकूण 32 जीबी रॅम घेतली. एकाच पट्टीऐवजी दोन लावल्या की मेमरीचा मार्ग दुप्पट रुंद होतो, आणि अनेक तयार संगणकांत एकच पट्टी लावलेली असते हे ग्राहकाच्या ध्यानातही येत नाही. इंटेलच्या बाजूचा विचार करणाऱ्यांनी एक अक्षर जपून वाचावे. ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ असतो, उदाहरणार्थ 12400एफ, त्यात आतले ग्राफिक्स नसतात आणि वेगळे कार्ड घेतले नाही तर पडद्यावर काहीच उमटत नाही.

एसएमपीएसच्या बाबतीत मात्र मी कोणाचेही ऐकले नाही. दुकानदार म्हणाला, "भिया, कॅबिनेट के साथ एसएमपीएस फ्री आ रहा है, अलग से क्यों ले रहे हो?" फुकट मिळणाऱ्या अशा डब्यावर 450 वॉट छापलेले असले तरी तो तेवढी वीज सतत पुरवू शकेल याची हमी कोणी देत नाही, आणि तो जळताना कधी कधी बोर्डालाही सोबत घेऊन जातो. आम्ही 80 प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचे मानांकन) प्रमाणित, 550 वॉटचा आणि पाच वर्षांची वॉरंटी असलेला एसएमपीएस वेगळा घेतला. पावसाळ्यात वीज मिनिटभर जाऊन परत येण्याचे प्रकार आपल्याकडे नित्याचे आहेत, त्यामुळे यूपीएसचाही विचार करावा लागला. 600 व्हीए (व्होल्ट-अँपिअर, यूपीएसची क्षमता मोजण्याचे एकक) लिहिलेला साधा यूपीएस प्रत्यक्षात साधारण 360 वॉटच देतो, म्हणून ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकाला तो अपुरा पडण्याची शक्यता असते. आम्ही 1000 व्हीएचा घेतला.

येथे अर्थिंगविषयी लिहिल्यावाचून मला राहवत नाही. ताईचे घर जुने आहे, आणि भाचीच्या खोलीतल्या प्लगला तिसरी तार जोडलेलीच नव्हती. अर्थिंग नसेल तर एसएमपीएसमधल्या गाळणीच्या कपॅसिटरांमुळे कॅबिनेटच्या पत्र्यावर मुख्य विजेच्या जवळपास निम्मा दाब येतो. प्रवाह अत्यल्प असतो, तरी हात लागला की झिणझिण्या येतात आणि नाजूक भागांनाही ते चांगले नाही. आम्ही आधी वायरमनला बोलावून अर्थिंग नीट करून घेतले आणि मगच खोकी उघडली. संगणक तयार असो वा जोडलेला, हे काम दोघांसाठीही आवश्यक आहे.

जोडणीचा तो रविवार मला दीर्घकाळ आठवेल. जेवणाच्या टेबलावर चादर न टाकता, पुठ्ठ्याच्या खोक्यावर बोर्ड ठेवून आम्ही सुरुवात केली. एएम5 सॉकेटमध्ये बारीक पिना बोर्डावरच असतात, प्रोसेसरवर नाही. त्यांतली एक जरी वाकली तरी बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून प्रोसेसर सरळ वरून अलगद ठेवायचा, त्यावर बोटाने दाब द्यायचा नाही आणि सॉकेटचे निघालेले प्लास्टिकचे झाकण जपून ठेवायचे, कारण बोर्ड वॉरंटीत पाठवताना ते लागते. भाचीने हे सर्व माझ्यापेक्षा स्थिर हाताने केले. मोठा गोंधळ उडाला तो पहिल्यांदा बटण दाबले तेव्हा. पंखे फिरू लागले, दिवे लागले, पण पडदा काळाच राहिला. एक मिनिट गेले, दोन गेली, आणि ताई दारात उभी राहून काही न बोलता पाहत होती. डीडीआर5 या पिढीची रॅम असलेला असा बोर्ड पहिल्या वेळी मेमरीची जुळवाजुळव करतो आणि त्यात काही मिनिटे जाऊ शकतात, हे मी वाचलेले होते, म्हणूनच बटण पुन्हा दाबायचा मोह आवरता आला. चौथ्या मिनिटाला पडद्यावर अक्षरे उमटली. त्यानंतर बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन एक्स्पो हा रॅम पूर्ण वेगाने चालवणारा पर्याय चालू केला, कारण तो न केल्यास 6000 वेगाची म्हणून घेतलेली रॅम 4800 च्या वेगानेच चालत राहते, आणि जास्त दिलेले पैसे वाया जातात.

याउलट लोकमान्य नगरातल्या माझ्या काकांसाठी मी गेल्या हिवाळ्यात तयार संगणकच घेतला. त्यांच्या जुन्या संगणकात सहाव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर होता, विंडोज 10 चा नेहमीचा मोफत आधार (सुरक्षा सुधारणांचा पुरवठा) 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, आणि विंडोज 11 साठी मायक्रोसॉफ्टने काही अपवाद वगळता आठव्या पिढीपासूनचेच इंटेल प्रोसेसर मान्य केले आहेत. काका पंचाहत्तरीचे आहेत. ते बँकेची कामे आणि पत्रव्यवहार करतात, आणि बिघाड झाल्यास कंपनीचा माणूस घरी यावा एवढीच त्यांची अपेक्षा आहे. घरी येऊन दुरुस्ती करून देणारी तीन वर्षांची वॉरंटी घेतली. येथे शब्द नीट वाचावेत, कारण काही वॉरंटींमध्ये यंत्र आपल्यालाच उचलून न्यावे लागते. शिवाय त्या वेळी सुट्या भागांचा हिशेबही उलटला होता. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा केंद्रांकडून मागणी वाढल्यामुळे 2025 च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढले होते, आणि रॅम बनवणाऱ्या मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबरात क्रूशियल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करण्याची घोषणा केली. भाचीच्या संगणकाला घेतली तशी रॅम त्या हिवाळ्यात जुलैच्या दुपटीहून महाग सांगितली जात होती, तर तयार संगणकांचे भाव अजून तेवढे चढले नव्हते. काकांच्या संगणकाचे झाकण मी दुकानातच उघडून घेतले. आत रॅमच्या दोन खाचा होत्या, एक रिकामी होती आणि एसएमपीएसचा जोड 24 पिनांचा होता. मग मी बिल करायला सांगितले.

जोडलेल्या संगणकाची वॉरंटी एका बिलाची नसते. प्रोसेसर, बोर्ड, एसएमपीएस आणि ग्राफिक्स कार्ड यांची मुदत वेगवेगळी असते आणि प्रत्येकासाठी वेगळ्या दारी जावे लागते, हा त्याचा खरा तोटा आहे. त्यावर भाचीने स्वतःच उपाय काढला. प्रत्येक भागाचा अनुक्रमांक, खरेदीची तारीख आणि वॉरंटी संपण्याची तारीख तिने एका कागदावर लिहून तो कागद कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे. खाली दोन ओळी रिकाम्या आहेत. पहिलीत उन्हाळ्यापूर्वी धूळ काढल्याची तारीख भरायची आहे. इंदूर स्वच्छतेत कितीही पुढे असले तरी मेट्रोच्या कामाची धूळ खिडकीतून येतच असते, आणि मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेला की तुंबलेला पंखा प्रोसेसरला गार ठेवू शकत नाही. दुसऱ्या ओळीपुढे तिने 2029 एवढेच लिहून ठेवले आहे.