रात्री मीटरसमोर बसून

घरातले सगळे दिवे, पंखे बंद होते. टीव्ही बंद, संगणक बंद. तरी मीटरवरचा लाल दिवा थांबून थांबून लुकलुकत होता. वीज जातेय कुठे, हे मला शोधायचंच होतं.

मीटरवर एक आकडा छापलेला असतो. आमच्या मीटरवर तो ३२०० आहे, म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट संपलं. हे कळल्यावर हिशेब सोपा झाला. दोन लुकलुकींमधले सेकंद मोजायचे आणि ११२५ ला त्यांनी भागायचं, की घर त्या वेळी किती वॅट ओढतंय ते निघतं. तुमच्या मीटरवरचा आकडा वेगळा असेल, तर ३६ लाखांना त्याने भागा, तुमचा ११२५ मिळेल.

पहिली रात्र वाया गेली. फ्रिज चालूच होता. त्याचा कॉम्प्रेसर मध्येच सुरू झाला आणि आकडे विस्कटले. शिवाय सेकंद मोजायला मी मोबाइल घेतला होता. मेसेज आला, तो वाचेपर्यंत मोजणी हुकली. वीज वाचवायला बसलो आणि पाच मिनिटंही मोबाइल बाजूला राहिला नाही, हे मनाला फार लागलं. दुसऱ्या रात्री मनगटी घड्याळ घेतलं आणि फ्रिज पाव तास बंद ठेवला, दार न उघडता.

पंधरा सेकंदांना एक लुकलुक. म्हणजे ७५ वॅट! हे चोवीस तास चालत असेल, तर महिन्याला ५४ युनिट, आणि तीही कुणी काही वापरत नसताना.

मग एकेक प्लग काढत गेलो. आधी मोबाइलचे चार्जर, कारण आमच्याकडे सगळी बोलणी त्यांच्यावरूनच होतात. चारही काढले, पण सेकंद जवळपास तेवढेच राहिले. चार्जर लावून ठेवतो म्हणून मी मुलाला कितीदा रागावलो होतो! सकाळी त्याला तसं स्पष्ट सांगितलं, चूक माझी होती म्हणून. सेट-टॉप बॉक्स काढला तेव्हा मात्र पंधराचे अठरापेक्षा थोडे जास्त सेकंद झाले. रिमोटने बंद केला तरी तो आत जागाच असतो, त्याने एकट्याने तेरा-चौदा वॅट धरून ठेवले होते. संगणकाच्या जुन्या यूपीएसने वीस. स्पीकरने नऊ. राउटरने आठ. उरलेले चोवीस इन्व्हर्टरचे, बॅटरी भरलेली ठेवण्यासाठी.

राउटर आणि इन्व्हर्टर ठेवले. बाकी तिघांना एक बटणाची पट्टी आणली. पहिला आठवडा कुरबुर झाली, कारण सेट-टॉप बॉक्स नव्याने सुरू व्हायला वेळ घेतो. आईला बातम्या वेळेवर हव्या असतात. आता ती स्वतःच पाच मिनिटं आधी बटण दाबते.

गीझर मात्र या मोजणीत आलाच नव्हता. तो दोन हजार वॅटचा आहे, पाव तासात अर्धं युनिट. तो चालू ठेवून विसरणं आम्ही सगळ्यात आधी थांबवायला हवं होतं. त्याच्या बटणाशेजारी आता मुलाने कागद चिकटवलाय.

काल रात्री पुन्हा मोजलं. फ्रिज बंद ठेवून, घड्याळ हातात घेऊन. पस्तीस सेकंद.