तीन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड: तिसरा सिलिंडर का गेला आणि कसा उभा केला

इंजिनची माहिती आधी. आउटबोर्ड म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन. तीन सिलिंडर, टू-स्ट्रोक, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कार्बोरेटर, तेल पेट्रोलमध्ये मिसळून, बिडाच्या स्लीव्ह, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 73 मिमी. तक्रार अशी: पूर्ण थ्रॉटलवर चालताना ताकद एकदम पडली. थंड झाल्यावर इंजिन सुरू झालं, पण आयडलला थरथरतं आणि होडी वेग घेत नाही.

अशा वेळी नवा पिस्टन मागवण्याची घाई होते. पिस्टन बदलणं हा या दुरुस्तीचा सोपा भाग आहे. तो का गेला हे सापडलं नाही, तर नवा पिस्टनही त्याच वाटेने जातो. म्हणून या नोंदीत कारण शोधण्यालाच जास्त जागा दिली आहे.

सुरुवात कॉम्प्रेशनपासून, म्हणजे सिलिंडर हवा किती दाबतो ते मोजण्यापासून. बॅटरी पूर्ण चार्ज, तिन्ही प्लग बाहेर, प्लगच्या वायरी इंजिनला अर्थ केलेल्या, थ्रॉटल पूर्ण उघडा. थ्रॉटल बंद राहिला तर हवाच कमी येते आणि सगळे आकडे खोटे पडतात. गेजची सुई वाढायची थांबेपर्यंत स्टार्टर फिरवायचा. वरून खाली आकडे आले 122, 120 आणि 70 पीएसआय. आकडा स्वतः किती, यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. तो 10 टक्क्यांच्या पुढे गेला की इंजिन उघडावंच लागतं. चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजायची पद्धत टू-स्ट्रोकमध्ये फारशी उपयोगी नाही, कारण भिंतीवर तेल आधीच असतं.

प्लगांनीही बरंच सांगितलं. पहिले दोन तपकिरी, किंचित ओलसर. तिसऱ्याचं पोर्सलिन पांढरं फटक आणि त्यावर बारीक चकचकीत करडे मणी. ते मणी म्हणजे वितळून उडालेलं पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम.

हेड आणि एक्झॉस्ट कव्हर काढताना बोल्टवर जोर लावायचा नाही. खाऱ्या पाण्यात चाललेल्या इंजिनात स्टीलचा बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक यांच्यामध्ये पांढरी पूड धरते आणि आटे जखडतात. पेट्रोलची टाकी, नळ्या आणि सांडलेलं इंधन लांब नेऊन, हवेशीर जागेत, बोल्टभोवतीचा ब्लॉक गॅसच्या टॉर्चने तापवायचा. गार झाल्यावर गंज सोडवणारं तेल सोडायचं, मग बोल्ट आधी किंचित आवळायच्या दिशेने हलवायचा आणि नंतर सोडवायचा. एका बोल्टला अर्धा तास लागला तरी चालेल, तुटलेला बोल्ट ड्रिल करून काढण्यापेक्षा तो स्वस्त पडतो.

आता पिस्टनवरच्या ओरखड्यांची जागा. सगळं निदान इथे ठरतं, म्हणून पुसण्याआधी फोटो काढून ठेवावेत. चारही कोपऱ्यांना उभे ओरखडे असतील तर पिस्टन सिलिंडरपेक्षा लवकर फुगला आहे: एक तर थंड इंजिन एकदम ताणलं गेलं, नाहीतर पाणी कमी पडून सगळंच तापलं. सगळीकडून कोरडे ओरखडे, तेही तिन्ही सिलिंडरांत, असतील तर तेलाचा संशय घ्यायचा. माथ्याची कड वाळूने मारल्यासारखी खडबडीत आणि रिंगेच्या खाचेची भिंत तुटलेली असेल तर डिटोनेशन (मिश्रण सावकाश जळण्याऐवजी झटक्यात फुटणं), म्हणजे टायमिंग जास्त पुढे किंवा पेट्रोल हलक्या दर्जाचं. माथ्याला मधोमध वितळलेलं भोक असेल तर प्री-इग्निशन (ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटणं). चुकीच्या उष्णतेचा प्लग हे त्याचं नेहमीचं कारण.

इथे ओरखडे फक्त एक्झॉस्टच्या बाजूला होते आणि तेही एकाच सिलिंडरात. पिस्टनची ती बाजू सगळ्यात गरम. मिश्रणात पेट्रोल कमी पडलं की जळण गरम होतं, आणि या इंजिनात तेल पेट्रोलमधूनच येत असल्यामुळे त्याच वेळी तेलही घटतं. उष्णता आणि कोरडेपणा एकाच जागी गाठतात.

तरीही कूलिंग तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही. टेलटेलची धार (कूलिंगचं पाणी फिरतंय हे दाखवणारी बाहेरची धार) जोरात आहे म्हणून हेड गार आहे असं मानणं चूक. मधला मार्ग क्षारांनी बुजलेला असू शकतो. इम्पेलरच्या (पाण्याच्या पंपातल्या रबरी चाकाच्या) सगळ्या पात्या शाबूत होत्या. एखादी तुटलेली असती तर तिचा तुकडा पाण्याच्या नळीत किंवा वर ब्लॉकमध्ये शोधणं भाग होतं, तो आपोआप बाहेर येत नाही. थर्मोस्टॅट पाण्यात थर्मामीटरसोबत तापवून पाहिला, त्यावर छापलेल्या तापमानाला उघडला. वॉटर जॅकेट मोकळं. कूलिंग यादीतून वगळलं.

मग एका सिलिंडरला कमी पेट्रोल का? दोन वाटा: कार्बोरेटर, किंवा क्रँककेसमध्ये (पिस्टनच्या खालच्या बंद कप्प्यात) शिरणारी जादा हवा. खालच्या क्रँक सीलवर आणि रीड झडपांवर (मिश्रण फक्त आत सोडणाऱ्या पातळ पाकळ्यांवर) लक्ष दिलं. रीडच्या पाकळ्या बसलेल्या, कडा चिरलेल्या नाहीत. पोर्ट आणि तोंडं बंद करून क्रँककेसमध्ये 5 पीएसआय हवा भरली, साबणाच्या पाण्याला कुठेही बुडबुडा नाही. तिसऱ्या कार्बोरेटरचा बाऊल उघडल्यावर उत्तर सापडलं: तळाला काळे मऊ कण, आणि मेन जेटचं भोक जवळपास निम्मं बुजलेलं. ते कण पेट्रोलच्या नळीच्या आतल्या थराचे. इथेनॉल असलेल्या पेट्रोलने जुनी रबरी नळी आतून सुटते, बाहेरून मात्र धडधाकट दिसते. नळी उभी चिरून पाहिली तर अस्तर बोटाने निघत होतं.

म्हणून फक्त एक जेट साफ करून भागणार नाही. इथेनॉल सोसणारी नवी नळी, नवा प्रायमर बल्ब (हाताने दाबून पेट्रोल चढवायचा रबरी फुगा), नवा फिल्टर, इंधन पंपाचा नवा डायफ्रॅम आणि तिन्ही कार्बोरेटर उघडून साफ. जेटमध्ये तार घालायची नाही. पितळ मऊ असतं, भोक ओरखडलं की माप बदलतं. क्लीनरमध्ये भिजवून हवेच्या झोताने उडवायचं, फ्लोटची उंची मॅन्युअलप्रमाणे लावायची.

आता सिलिंडर. भिंतीला चिकटलेलं अ‍ॅल्युमिनियम हायड्रोक्लोरिक आम्लाने निघतं, पण तेच आम्ल ब्लॉकही खातं. कापसाची काडी वापरून फक्त बिडावर लावायचं, पोर्टच्या कडांपासून लांब, उघड्या जागेत, हातमोजे आणि चष्मा घालून. फेस थांबला की खाण्याच्या सोड्याचं पाणी, मग साधं पाणी आणि लगेच तेल, नाहीतर बीड डोळ्यांदेखत गंजतं. निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा मुलामा असलेल्या सिलिंडरला पुढची बोअरिंगची वाट लागू होत नाही.

साफ केल्यावर नखाला अडकणारे दोन चर उरले. बोअर गेजने तीन उंचींवर आणि दोन दिशांनी मोजलं, नुसत्या होनिंगने (भिंत दगडाने बारीक घासून) ते जाणार नव्हते. म्हणून 0.5 मिमी ओव्हरसाईज, म्हणजे बोअर तेवढा मोठा करून मोठा पिस्टन. पिस्टन आधी हातात घ्यायचा आणि मगच ब्लॉक बोअरिंगला द्यायचा, कारण क्लिअरन्स त्या पिस्टनच्या मापावरून ठरतो. बोअरिंगनंतर पोर्टच्या कडांची धार मोडून घेतली आहे का ते पाहा. धार राहिली तर रिंग पोर्टमध्ये अडकून तुटते. धुवायला गरम पाणी आणि साबण. पेट्रोलने होनिंगची पूड निघत नाही. पांढरं फडकं फिरवून पांढरंच बाहेर आलं पाहिजे.

कनेक्टिंग रॉडला वर-खाली खेळ नव्हता, निळी झाकही नव्हती. रिंगा अखंड होत्या, त्यामुळे क्रँककेस फोडली नाही, धुवून घेतली. रिंगेचा तुकडा हरवला असता तर फोडावीच लागली असती.

जोडणी करताना रिंग पिस्टनच्या माथ्याने सरळ आत ढकलून टोकांमधली फट मोजली: 0.30 मिमी, मॅन्युअलच्या मर्यादेत. रिंगांची टोकं खाचेतल्या खुंटीवर बसवली. पिस्टनवरची खूण मॅन्युअलमधल्या दिशेला. गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) क्लिपा नव्याच, जुन्या पुन्हा कधी वापरू नयेत; एक सुटली की सिलिंडर पुन्हा गेला. क्लिपचं तोंड वर किंवा खाली ठेवायचं, आडवं नाही. हेड जाड काचेवर ठेवून फीलर गेजने सपाटी पाहिली, गॅस्केट नवं, बोल्ट मधून बाहेर आणि टप्प्याटप्प्याने: आधी निम्मा टॉर्क, मग पूर्ण.

रन-इनसाठी (नवे भाग एकमेकांत बसेपर्यंत जपून चालवण्यासाठी) 25:1 मिश्रण, म्हणजे लिटरला 40 मिली टीसी-डब्ल्यू3 (टू-स्ट्रोक आउटबोर्डसाठीचं) तेल. पहिली 10 मिनिटं पाण्यात आयडलवर, उरलेला पहिला तास अर्ध्या थ्रॉटलच्या आत आणि सतत वेग बदलत. दुसऱ्या तासात पाऊण थ्रॉटलपर्यंत. 10 तास पुरे होईपर्यंत पूर्ण थ्रॉटल सलग 5 मिनिटांवर नाही. इन्फ्रारेड थर्मामीटरने तिन्ही सिलिंडरचं हेड वेगवेगळं मोजत राहिलो, तिसरा इतर दोघांच्या बरोबरीने आहे.

सध्याचं कॉम्प्रेशन 121, 120, 116. रिंगा पूर्ण बसल्यावर तिसऱ्याचा आकडा आणखी थोडा चढायला हवा. 10 तासांनंतर 50:1 वर येऊन पूर्ण थ्रॉटलवर चालवायचं, तिथेच इंजिन बंद करून तिसरा प्लग काढायचा आणि रंग पाहायचा. तपकिरी असेल तर जेटचं माप बरोबर आहे. पांढरट झाला तर इंजिन पुढे ताणायचं नाही, पेट्रोलची लाइन टाकीपासून पुन्हा तपासायची.