यू-८६४ चा चौथा टॉर्पेडो
काल रात्री यू-८६४ बद्दल वाचत बसलो आणि झोपच उडाली. जर्मन पाणबुडी, जपानला निघालेली, पोटात स्टीलच्या बाटल्यांत भरलेला ६७ टन पारा, वाटेत इंजिन खडखडायला लागलं म्हणून नॉर्वेकडे माघारी वळली आणि नेमका तोच आवाज ब्रिटिशांच्या व्हेंचरर पाणबुडीनं ऐकला. ९ फेब्रुवारी १९४५. व्हेंचरर गुपचूप मागेमागे, मग कमांडर लाँडर्सनं खोली-दिशेचं गणित मांडून चार टॉर्पेडो सोडले, तीन हुकले, चौथा बसला. दोन्ही पाण्याखाली असताना एकीनं दुसरीला बुडवलं, असं युद्धात एकदाच झालंय. ७३ माणसं होती हो आत, एकही वाचला नाही. २००३ मध्ये नॉर्वेच्या फेडिये बेटाजवळ दीडशे मीटर खोल तिचे तुकडे सापडले, बाटल्या गंजून पारा गाळात उतरतोय.