आजी उठली नाही पाहिजे

माझा डावा गुडघा 2009 साली गेला. दारव्ह्याकडच्या एका गावात व्हॉलीबॉलच्या मॅचेस होत्या, मुरमाचं ग्राउंड, बांबूला बांधलेले हॅलोजन, आणि मी स्मॅश मारून खाली येताना पलीकडचा पोट्टा बॉल उचलतो का ते पाहून राहिलो होतो. कोणी धक्का नाही दिला, पाय घसरला नाही, नुसता उतरलो अन् आत कट्ट वाजलं. चार महिने मुका मार म्हणून शेक-मालिश, मग नागपूरला एमआरआय, मग कळलं की गुडघ्यातलं एसीएल नावाचं लिगामेंट तुटलं. तेव्हापासून मॅच पाहायला बसलो तरी मी बॉल पाहत नाही, पोरांचे पाय पाहतो.

यंदा उन्हाळ्यात भाची आली. नववीत आहे, शाळेच्या टीममधे खेळते. तिला तिकडं सारखं सांगतात, उतरताना गुडघा वाकव, गुडघा आत जाऊ देऊ नको. आता हे चूक नाही. पण ती मला म्हणे, "मामा, मी गुडघ्याकडे लक्ष देऊ का बॉलकडे?" मी गप्प. पंधरा वर्षं गुडघ्यावर विचार करणारा माणूस अन् नववीतल्या पोरीनं क्लीन बोल्ड केला.

मग वाचत बसलो. एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आतली करंगळीपेक्षा जाड नसेल अशी दोरी, नडगीचं हाड पुढं सरकू नये म्हणून तिनं धरून ठेवलेलं असतं. माणूस ताठ पायानं उतरला, वरून गुडघा आत कलला, तर मांडीचे पुढचे स्नायू नडगीला पुढं ओढतात आणि सगळा ताण या दोरीवर येतो. उडीवरून उतरताना जमीन आपल्या वजनाच्या तिप्पट-चौपट जोरानं उलटं ढकलते. आणि मॅचमधल्या दुखापतींचे व्हिडिओ तपासणाऱ्यांनी काढलंय की पाय टेकल्यावर साधारण 40 मिलिसेकंदात काम तमाम होतं. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो! म्हणजे टेकल्यावर 'अरे गुडघा वाकवा' हा विचार डोक्यातून पायापर्यंत पोचणारच नाही, जे व्हायचं ते हवेत असतानाच ठरलेलं पाहिजे. मुलींना हा प्रकार त्याच खेळात मुलांपेक्षा दुप्पट-तिप्पट होतो, म्हणून मला भाचीची जास्तच धास्ती.

आता लक्षाची गोष्ट. गॅब्रिएले वुल्फ नावाच्या संशोधक बाईंनी 1998 साली बर्फावर स्की केल्याची नक्कल करणाऱ्या, चाकांवर सरकणाऱ्या मशीनवर लोक उभे केले, काहींना सांगितलं पायाच्या जोराकडे लक्ष द्या, काहींना सांगितलं पायाखालच्या चाकांकडे. चाकांवाले जास्त चांगलं शिकले. आपल्या अंगाकडे लक्ष गेलं की जे आपोआप होत असतं त्यात आपण बोट घालतो, असं त्यांचं म्हणणं. सायकल चालवताना पायडल कसं मारतो हे पाहायला जा, पडसान. आणि 2000 साली न्यूझीलंडच्या मॅकनेर वगैरे संशोधकांनी लोकांना आपल्या उतरण्याचा आवाज ऐकून पुढच्या वेळी हळू उतरा एवढंच सांगितलं, तर जमिनीचा मार कमी झाला. खोटं कशाला बोलू, गुडघा असा ठेवा-तसा ठेवा सांगितलेल्यांचाही कमी झाला होता. पण ते शांत खोलीत. मॅचमधे बॉल वर असताना गुडघ्याचा धडा कोण आठवणार?

मग आमची प्रयोगशाळा म्हणजे ओटा. दीड फुटाचा असेल. दुपारी कूलरपुढं आमची माय झोपलेली असते, म्हणजे भाचीची आजी, आणि तिची झोप म्हणजे पान पडलं तरी उठते. मी भाचीला एवढंच सांगितलं, अंगणात उडी मार पण आजी उठली नाही पाहिजे. गुडघ्याचं नाव काढलं नाही. पहिल्या दोन उड्या धप्प, तिसरीला पोरगी मांजरीसारखी उतरली, गुडघे आपोआप वाकले, ढुंगण मागं गेलं, आत कलणं बरंच कमी. मोबाईलवर शूट करून तिलाच दाखवलं तर म्हणे, "मी तर काहीच केलं नाही."

मी जरा जास्तच खूश झालो. दुसऱ्या दिवशी म्हटलं आता हवेत असताना मी किती बोटं दाखवली ते मोठ्यानं सांग. "तीऽऽन!" अन् धप्प, दोन्ही गुडघे एकमेकांना भेटायला निघाले. हेच ते, माझं 2009. लक्ष दुसरीकडे ओढलं की शिकलेलं सुटतं, म्हणून प्रॅक्टिसच लक्ष ओढून करावी लागते. बोटं, मग बॉल, मग बॉल अन् बाजूनं आरडाओरडा. तेवढ्यात माय बाहेर आली, "काऊन रे, त्या पोरीले उन्हात मारतं का?" त्या दिवशीचा प्रयोग बंद.

तीन आठवडे रोज दहा-पंधरा उड्या, जास्त नाही, कारण थकलं की पुन्हा ताठ उतरतात. नुसत्या उड्यांनी भागत नाही, मांडीच्या मागचे स्नायू पण मजबूत लागतात, ते तिला आवडत नाही, कंटाळा करते.

परवा तिनं शाळेच्या मॅचचा व्हिडिओ पाठवला. मी फोन उलटा ठेवून नुसता आवाज ऐकला. स्मॅशनंतर काहीच ऐकू येत नाही, पण ब्लॉकला गेली की अजून धप्प वाजतं. फोन लावून सांगितलं तर म्हणे, "मामा, तिथं आजी नाही ना."